शांतिसेना परतली, त्यानंतर

२४ मार्च १९९० रोजी श्रीलंकेतल्या त्रिंकोमाली बंदरात भारतीय शांतिसेनेची शेवटची तुकडी जहाजावर चढली आणि जवळपास ३२ महिन्यांची मोहीम संपली. सुमारे बाराशे जवान त्या बेटावर कामी आले होते. परतलेली सेना मद्रासला उतरली, तेव्हा तमिळनाडूचे मुख्यमंत्री एम. करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. या सेनेने श्रीलंकेतल्या तमिळांवरच हत्यार चालवले, असा त्यांचा उघड आक्षेप होता. हुकूम आला म्हणून गेलेल्या आणि हुकूम आला म्हणून परतलेल्या शिपायांच्या वाट्याला असे स्वागत आले, हे आजही बोचते.

महाराष्ट्राशी या मोहिमेचे नाते जवळचे आहे. जाफन्यावर चालून गेलेल्या ९१ ब्रिगेडमध्ये पहिली मराठा लाइट इन्फंट्री, म्हणजे ‘जंगी पलटण’, आणि आठवी महार या दोन पलटणी होत्या. मोहीम सुरू झाली तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल के. सुंदरजी हेही मूळचे महार रेजिमेंटचेच. गावाकडून जाणाऱ्या पत्रावर जवान कुठे आहे ते लिहायचे नसते. नंबर, नाव, पलटण आणि लष्करी टपालाचा क्रमांक एवढाच पत्ता. मुलगा नेमका कोणत्या गावात, कोणत्या रस्त्यावर गस्त घालतो आहे, हे घरच्यांना कळायला मार्ग नव्हता.

२५ नोव्हेंबर १९८७ च्या रात्री आठव्या महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन झडतीची मोहीम आटोपून तुकडीसह परतत होते. त्यांचा जन्म मुंबईचा, शिक्षणही मुंबईत. वाटेत दबा धरून बसलेल्या दहशतवाद्यांनी तुकडीवर गोळीबार सुरू केला. परमेश्वरन यांनी माणसे वळवून हल्लेखोरांनाच पाठीमागून घेरले. हातघाईच्या लढाईत त्यांच्या छातीत गोळी लागली. तशाही अवस्थेत समोरच्याची रायफल हिसकावून त्यांनी त्याला ठार केले आणि अखेरच्या श्वासापर्यंत ते हुकूम देत राहिले. त्यांना परमवीरचक्र मिळाले, शांतिसेनेतले ते एकमेव.

शांतता राखायला गेलेल्या सेनेवर ही वेळ का आली? २९ जुलै १९८७ रोजी राजीव गांधी आणि राष्ट्राध्यक्ष जे. आर. जयवर्धने यांनी कोलंबोत करारावर सह्या केल्या. तमिळ संघटनांनी शस्त्रे खाली ठेवायची, श्रीलंकेने तमिळ भागाला प्रांतिक सरकार द्यायचे आणि भारतीय सेनेने मधे उभे राहायचे, असा बेत होता. एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेने थोडी शस्त्रे दिली, बरीच लपवली. ऑक्टोबरात उघड युद्ध पेटले. जाफन्याच्या अरुंद गल्ल्या आणि रस्त्यात पेरलेले सुरुंग यांतून जवानांना वाट काढावी लागली. नागरिकही मोठ्या संख्येने मेले आणि ज्यांच्या रक्षणासाठी सेना गेली, तेच लोक तिच्यापासून दुरावले. दुसरीकडे सिंहली जनतेला परकी फौज खुपत होती. नवे राष्ट्राध्यक्ष रणसिंघे प्रेमदासा यांनी जून १९८९ मध्ये जाहीर केले, की जुलैअखेर भारतीय सेना निघालीच पाहिजे.

चार डिव्हिजन फौज अशी दोन महिन्यांत निघत नाही. माघारीत सगळ्यात धोक्याचा काळ असतो तो अर्धी सेना गेलेली आणि अर्धी राहिलेली असतानाचा. दूरची ठाणी आधी रिकामी करायची, रस्ते राखायचे, रणगाडे आणि दारूगोळा बंदरापर्यंत आणायचा आणि बंदर सर्वांत शेवटी सोडायचे, असा क्रम लागतो. सप्टेंबर १९८९ मध्ये दोन्ही सरकारांचा समझोता झाला. डिसेंबरात दिल्लीत व्ही. पी. सिंह यांचे सरकार आले आणि परतीला वेग आला. लेफ्टनंट जनरल ए. एस. कालकट यांच्या हाताखाली एकेक जिल्हा सोडत सेना त्रिंकोमालीकडे सरकली.

सेना शिस्तीत परतली. कोलमडली ती मागे ठेवलेली व्यवस्था. मुख्यमंत्री वरदराज पेरुमल यांच्या प्रांतिक सरकारच्या रक्षणासाठी घाईघाईने एक ‘तमिळ राष्ट्रीय सेना’ उभी केली गेली होती. तिच्यात कोवळी पोरे घरांतून ओढून भरती केली होती. भारतीय पलटण हलली, की त्या जिल्ह्यात एलटीटीई शिरत असे आणि ही पोरे मारली जात किंवा शरण जात. पेरुमल यांना भारतात आश्रय घ्यावा लागला. शांतिसेना घालवण्यासाठी प्रेमदासा सरकारनेच एलटीटीईला शस्त्रे पुरवली होती, हे पुढे उघड झाले. जून १९९० मध्ये त्या दोघांतच युद्ध जुंपले. राजीव गांधींची हत्या २१ मे १९९१ रोजी झाली, प्रेमदासांची १ मे १९९३ रोजी. दोन्ही एलटीटीईने केल्या.

अफगाणिस्तानात हेच दोनदा घडले. सोव्हिएत फौजा १५ फेब्रुवारी १९८९ रोजी बाहेर पडल्या. मॉस्कोची मदत चालू होती तोवर तिथले राष्ट्राध्यक्ष नजीबुल्ला टिकले. ती आटली आणि एप्रिल १९९२ मध्ये त्यांची सत्ता गेली. अमेरिकेचे शेवटचे विमान ३० ऑगस्ट २०२१ च्या रात्री उडाले, पण काबूल त्याआधीच, १५ ऑगस्टला, तालिबानच्या हाती गेले होते.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे सारे दूरचे वाटेल, पण फौज गेल्यावर मागे काय उरते, याच प्रश्नाचे घरगुती रूप गडचिरोलीत आहे. गडचिरोली आपलाच जिल्हा, तिथे माओवाद्यांशी लढणारी फौज आपल्याच देशाची. हा फरक मोठा आहे. तरी बाहेरून आलेले दल एक दिवस निघणार, हे तिथेही खरे आहे. शांतिसेना परतली त्याच १९९० साली गडचिरोली पोलिसांनी सी-६० पथक उभे केले. त्यात गोंडी आणि माडिया बोलणारी, जंगलाच्या वाटा ठाऊक असलेली स्थानिक मुले स्वतःहून आली. गेली काही वर्षे पोलीस मदत केंद्रांतून ‘पोलीस दादालोरा खिडकी’ चालते आणि दाखले, सरकारी योजना तिथे मिळतात. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी माओवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती ६० साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला. त्यामुळे सीआरपीएफच्या बटालियन इथे आणखी किती काळ राहतील, हा विषय आता निघणारच. तो निघेल तेव्हा किती बटालियन हलवल्या याइतकाच दुसरा हिशेबही मांडायला हवा: भामरागड-एटापल्लीच्या कोणत्या गावात तलाठी, शिक्षक आणि डॉक्टर रोज हजर आहेत, आणि कोणत्या गावात दाखल्यासाठी अजूनही पोलिसांच्याच खिडकीवर जावे लागते.