धावत्या उपग्रहांतून संदेशाची वाट

दक्षिण हिंदी महासागरातील एका जहाजावरून कोणी इरिडियमच्या फोनवर बोलत आहे, अशी कल्पना करा. जवळपास ना मनोरा, ना तार. त्याचा आवाज डोक्यावरच्या उपग्रहाकडे जातो, तेथून दुसऱ्या, तिसऱ्या उपग्रहाकडे, आणि अखेर अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या भूकेंद्रावर उतरतो. पण हे उपग्रह तर सेकंदाला सुमारे ७.५ किलोमीटर वेगाने धावत असतात! मग संदेशाला वाट कशी सापडते?

१९९८ मध्ये सेवा सुरू झालेल्या या जाळ्यात ६६ उपग्रह सुमारे ७८० किलोमीटर उंचीवर फिरतात. कक्षा ६, आणि प्रत्येक कक्षेत ११ उपग्रह. प्रत्येक उपग्रह पुढच्या, मागच्या, डाव्या व उजव्या शेजाऱ्याशी रेडिओलहरींचा दुवा जोडू शकतो.

पुढचा व मागचा शेजारी कधी बदलत नाही. दोघेही सुमारे ४००० किलोमीटर अंतरावर राहतात. बाजूच्या शेजाऱ्यांचे मात्र तसे नाही. सोललेले संत्रे पाहा. फोडी मध्यभागी रुंद असतात आणि टोकांशी एकत्र येतात. या कक्षाही विषुववृत्तावर दूर असतात व ध्रुवांजवळ एकमेकींना छेदतात. तेथे डावीकडचा शेजारी पाहता पाहता उजवीकडे जातो! त्याच्या रोखाने अँटेना इतक्या झपाट्याने वळवणे अवघड, म्हणून ध्रुवांजवळ बाजूचे दुवे बंद ठेवतात. शिवाय पहिली व सहावी कक्षा शेजारी येते तेथे एकीतले उपग्रह उत्तरेकडे, तर दुसरीतले दक्षिणेकडे जात असतात. त्यांच्यात दुवा जोडतच नाहीत.

म्हणजे जाळ्याचा नकाशा सतत बदलतो. पण हा बदल मनमानी नाही. उपग्रह न्यूटनच्या नियमांनी बांधलेला आहे. त्याची एक फेरी सुमारे १०० मिनिटांत पुरी होते. कोणता दुवा केव्हा तुटेल व केव्हा जुळेल, हे आधीच गणिताने काढता येते. म्हणून वेळेचे लहान लहान तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यासाठी जवळचा मार्ग अगोदरच ठरवता येतो. हे झाले आगगाडीसारखे वेळापत्रक.

परंतु १० फेब्रुवारी २००९ रोजी सैबेरियावर इरिडियम-३३ हा चालू उपग्रह रशियाच्या निकामी कॉसमॉस-२२५१ वर आदळला आणि दोघांचे तुकडे झाले. असा अपघात कोणत्याच वेळापत्रकात नसतो. अशा वेळी ‘शेजारी उत्तर देत नाही’ ही बातमी जाळ्यात पसरावी लागते आणि वळसा घालून नवा मार्ग काढावा लागतो. बातमी पोहोचेपर्यंत काही संदेश वाटेतच हरवू शकतात.

ठाऊक असलेला बदल गणिताने सांभाळता येतो. अचानक आलेल्या बदलासाठी मात्र शेजाऱ्यांनी एकमेकांची खबर ठेवावीच लागते.