प्रोटेक्शन ऑर्डरची मुदत संपते का? ती वाढवायची कशी?

'ऑर्डर मिळून वर्ष झालं. आता ती रिन्यू करायची का?' कौटुंबिक हिंसाचाराची केस लढणाऱ्या अनेकींना हा प्रश्न पडतो. गोंधळ होणं साहजिक आहे. कॅलिफोर्नियात अंतिम संरक्षण आदेशही जास्तीत जास्त 5 वर्षांचा असतो आणि तो संपण्याआधीच्या 3 महिन्यांत मुदतवाढीचा अर्ज करावा लागतो. आपल्याकडे तसं नाही.

अंतिम ऑर्डर मिळाली असेल तर?

कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, 2005 च्या कलम 18 खाली दंडाधिकारी संरक्षण आदेश देतात. कलम 25(1) नुसार, तो रद्द करा असा अर्ज पीडित महिला स्वतः करेपर्यंत तो लागू राहतो. म्हणजे रिन्यूअलची गरजच नाही.

मग मुदतवाढ कुठे लागते?

अंतरिम ऑर्डरमध्ये. केस सुरू असताना कलम 23 खाली तातडीचं संरक्षण मिळतं, समोरच्याचं म्हणणं ऐकण्याआधीही. पण त्यात 'पुढील तारखेपर्यंत' असं लिहिलेलं असेल, तर त्या तारखेला हजर राहून आदेश पुढे चालू ठेवण्याची मागणी करा. तो चालू ठेवल्याची नोंद रोजनाम्यात झाली का, तेही तपासा. तारखांना सतत गैरहजर राहिल्यामुळे केसच निकाली निघाली, तर अंतरिम संरक्षणही जातं.

कायद्यानुसार पहिल्या सुनावणीपासून 60 दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न व्हायला हवा. प्रत्यक्षात केस लांबते, म्हणून प्रत्येक तारीख महत्त्वाची.

नवरा ऑर्डर रद्द करून घेऊ शकतो?

कलम 25(2) खाली दोघांपैकी कोणीही बदलासाठी अर्ज करू शकतं. मात्र परिस्थिती बदलल्याचं दाखवावं लागतं आणि दंडाधिकाऱ्यांना कारणं लेखी द्यावी लागतात. हा बदल मूळ आदेशानंतरचा हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये स्पष्ट केलं. जुनीच भांडणं नव्याने उगाळून चालत नाही.

दिंडोशी कोर्टात कधी जायचं?

पहिला अर्ज तुमच्या हद्दीतल्या दंडाधिकारी न्यायालयात होतो. त्या आदेशाविरुद्ध अपील सत्र न्यायालयात, 30 दिवसांच्या आत. गोरेगाव, मालाड, बोरिवलीकडच्या प्रकरणांसाठी ते दिंडोशीला आहे. नुसतं अपील दाखल झालं म्हणून तुमची ऑर्डर थांबत नाही. त्यासाठी सत्र न्यायालयाची स्थगिती लागते.

ऑर्डर मोडली तर?

अंतरिम असो वा अंतिम, संरक्षण आदेश मोडणं हा दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा आहे. शिक्षा 1 वर्षापर्यंत कैद, 20 हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

ऑर्डरची प्रत कोर्टाकडून मोफत मिळते. एक घरी ठेवा, एकीचा फोटो मोबाइलमध्ये आणि विश्वासातल्या माणसाकडे. वकील परवडत नसेल तर 15100 वर फोन करा. महिलांना मोफत कायदेशीर मदतीसाठी उत्पन्नाची अट नाही. तातडीच्या मदतीसाठी 181.