बैलाचा मागचा पाय ताठतो तेव्हा : हाड बसवावे की शीर तोडावी?

घोड्याच्या किंवा कुत्र्याच्या पाठीवर हात ठेवून 'कट्' असा आवाज काढणाऱ्या आणि जनावर लगेच मोकळे झाल्याचे दाखविणाऱ्या चित्रफिती आता गावोगाव मोबाईलवर पाहिल्या जातात. त्यामुळे शेतकरी मेळाव्यात हमखास प्रश्न येतो, "आमच्या बैलाचे हाड असे बसवता येईल का?" बैलाला काय होते असे विचारल्यास उत्तर बहुधा ठरलेले असते. सकाळी दावणीतून सोडला की मागचा एक पाय मागे ताठ राहतो, खूर जमिनीवर घासते, मग एकदम झटका बसून पाय सुटतो.

प्रस्तुत लेखक कृषिविद्या विषयाचा आहे, पशुवैद्यक नव्हे. पण पेरणीच्या तोंडावर जोडीतला एक बैल बसला की तिफण बांधावरच राहते आणि वाफसा निघून जातो. म्हणून हा विषय पशुवैद्यक सहकाऱ्यांकडून समजून घेऊन येथे मांडला आहे.

त्या चित्रफितींतील उपचाराला कायरोप्रॅक्टिक म्हणतात. डॅनियल डेव्हिड पामर यांनी अमेरिकेतील आयोवा राज्यात डेव्हनपोर्ट गावी १८९५ साली त्याची सुरुवात केली. मणके जागचे किंचित हलले की मज्जातंतूंवर दाब येतो आणि हाताने नेमका झटका देऊन ते जागी आणता येतात, अशी त्यांची कल्पना होती. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत जनावरांसाठी या उपचाराचे रीतसर शिक्षण सुरू झाले. घोड्यांच्या आखडलेल्या पाठीला यामुळे काही काळ आराम पडतो, असे लहान प्रमाणावरील अभ्यासांत दिसले आहे. मात्र सरकलेला मणका जागेवर आला, असे क्ष-किरण चित्रात दिसत नाही. मिळणारा आराम हा स्नायू सैल होण्याचा असतो. मांजरांबाबत पुरावा जवळजवळ नाहीच. डॅक्सहुंडसारख्या लांब पाठीच्या कुत्र्याच्या मणक्यांमधील गादी सरकलेली असताना पाठीला झटका दिल्यास मागचे पाय कायमचे लुळे पडण्याचा धोका असतो.

आता आपल्या बैलाकडे वळू. वर सांगितलेली लक्षणे असतील तर दोष पाठीत नसतो आणि खुब्यातही नसतो. तो मागच्या पायाच्या गुडघ्यात असतो. हा खरा गुडघा पुष्कळांना माहीत नसतो. मागच्या पायाचा जो कोपरा मागे वळलेला दिसतो त्याला आपण गुडघा म्हणतो, पण तो घोट्याचा सांधा होय. गुडघा त्याच्या वर, पुढच्या बाजूला, कुशीच्या खाली पोटाला लागून असतो. तेथे हात ठेवून बैलाला एक पाऊल चालविले तर कातडीखाली वाटी खालीवर सरकताना लागते.

ही वाटी मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकावरील खोबणीतून सरकते. खोबणीला दोन्ही बाजूंनी उंचवटे असतात, त्यांपैकी आतल्या बाजूचा मोठा असतो. वाटी खाली नडगीच्या हाडाला तीन मजबूत बंधांनी बांधलेली असते. आतल्या बाजूचा बंध त्या मोठ्या उंचवट्याच्या वर जाऊन अडकला की सांधा कुलूप लावल्यासारखा बंद होतो. मग पाय वाकत नाही, मागे ताठ राहतो आणि खुराचा पुढचा भाग घासत जातो.

घोड्यात हीच रचना सोयीची असते. घोडा उभ्या उभ्या डुलकी घेतो तेव्हा तो वाटी मुद्दाम अशी अडकवून ठेवतो, त्यामुळे स्नायूंना श्रम पडत नाहीत. चालायचे असले की स्वतःच सोडवतो. ती सुटेनाशी झाली तरच आजार समजावा. लहान जातीच्या कुत्र्यांत, उदाहरणार्थ पॉमेरेनियनमध्ये, वाटी वर न अडकता बाजूला घसरते आणि कुत्रे तीन पायांवर उड्या मारत जाते. बैलाला मात्र वाटी अडकण्याचा काहीही उपयोग नाही.

सरळ मांडणीचे मागचे पाय, खुराकाची आबाळ, स्नायूंचा अशक्तपणा आणि चढउताराच्या जमिनीवरील कष्ट ही या विकाराची नेहमीची कारणे मानली जातात. गाई-म्हशींतही तो आढळतो. थंडीत आणि सकाळी पहिल्या पावलांना त्रास जास्त असतो, चालून अंग तापल्यावर कमी होतो.

हाडवैद्याचे नाव होते ते येथेच. सुरुवातीच्या काळात कुलूप आपोआप सुटते. बैलाला मागे रेटले किंवा वाटीवर हाताने खाली दाब दिला तरी पुष्कळदा सुटते, आणि 'कट्' असा आवाजही येतो. पाहणाऱ्याला वाटते, हाड बसले. प्रत्यक्षात बंध फक्त उंचवट्यावरून घसरलेला असतो. तो सैल किंवा लांब झालेला नसल्याने दुसऱ्या दिवशी पुन्हा अडकतो. मग पुन्हा बोलावणे, पुन्हा दक्षिणा. दोन-तीन वेळा गुण आला नाही की पुढची पायरी ठरलेली असते, खुब्यावर डाग देणे नाहीतर बिब्बा घालणे. दोष गुडघ्यात आणि डाग खुब्यावर! त्याने बैलाला जखम तेवढी होते. काही हाडवैद्यांचा हात खरोखर कसबी असतो, हे नाकारण्याचे कारण नाही. पण कसबी हातालाही हा बंध दाबून लांब करता येत नाही.

यावरचा कायमचा उपाय म्हणजे तो आतल्या बाजूचा बंध तोडणे. शेतकरी याला 'शीर तोडणे' म्हणतात. येथे शीर म्हणजे रक्तवाहिनी नव्हे, हे ध्यानात घ्यावे. गुडघ्याजवळची जागा इंजेक्शनने बधिर करून लहानशा छेदातून हा बंध कापला जातो. सराव असलेल्या डॉक्टरांना काही मिनिटे पुरतात. वाटीला आणखी दोन बंध असल्याने ती जागची हलत नाही. बैल उठून चालू लागला की फरक बहुधा तेव्हाच दिसतो.

शस्त्रक्रियेपूर्वी बैलाला पाडावे लागल्यास आदल्या रात्रीपासून वैरण देऊ नये, म्हणजे पोट फुगण्याची भीती राहत नाही. पाडण्यासाठी मऊ, कोरडी जागा निवडावी. नंतर जखमेवर माशी बसू देऊ नये, गोठा कोरडा ठेवावा आणि डॉक्टरांनी दिलेली इंजेक्शने अर्धवट सोडू नयेत. सर्वांत जास्त चूक होते ती विश्रांतीची. पाय सरळ पडतो आहे असे दिसताच चौथ्या दिवशी बैल औताला जुंपला जातो. सांगितलेली मुदत पुरी होऊ द्यावी, मग आधी मोकळे चालवून हळूहळू कामाला लावावे. म्हणूनच हे काम उन्हाळ्याच्या मशागतीपूर्वी उरकावे, मृग तोंडावर आल्यावर नव्हे.

प्रत्येक लंगडणे म्हणजे वाटी अडकणे नव्हे. फऱ्यावर गरम, दुखरी सूज असेल, दाबल्यास चरचर लागत असेल आणि अंगात ताप असेल तर तो फऱ्या म्हणजे एकटांग्या रोग असू शकतो. तेथे तासांचा हिशोब असतो, चोळत बसू नये. ताप येऊन आज एक पाय आणि उद्या दुसरा धरला तर तिवा असावा. तोंडातून लाळ आणि खुरांच्या बेचक्यात जखमा असल्यास लाळ्या-खुरकूत समजून जनावर वेगळे बांधावे. घसरून पडल्यावर पाय टेकवतच नसेल तर हाड मोडलेले असू शकते, तेथे ओढाताण करू नये.

लंगडा बैल विकून मोकळे होण्याचा मार्गही आता तितकासा उरलेला नाही. राज्यात २०१५ पासून बैलांच्या कत्तलीस कायद्याने बंदी आहे, त्यामुळे कामास न येणाऱ्या बैलाला बाजारात गिऱ्हाईक मिळणे अवघड. तो दावणीलाच राहणार असेल तर कामाचा होऊन राहिलेला बरा.

ही शस्त्रक्रिया नोंदणीकृत पशुवैद्यकाकडूनच करून घ्यावी. प्रथम आपल्या भागातील पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करावी. तेथे सोय नसल्यास परळ, नागपूर, परभणी, उदगीर व शिरवळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या चिकित्सालयांत जनावर दाखविता येते. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. बैल नेण्यापूर्वी सकाळी दावणीतून सोडतानाची त्याची चाल मोबाईलवर टिपून ठेवावी. दवाखान्यापर्यंत चालून गेलेल्या बैलाचा पाय तेथे अडकेलच असे नाही, आणि डॉक्टरांना ते पहिले पाऊलच पाहायचे असते.