काट्यावरचं पाणी

"चपला काढा काका, मोबाइल काकूंकडे द्या."

मामा काट्यावर चढतात. ६०.८. टेक्निशियन आकडा फाइलमध्ये उतरवतो. वरच्या कोपऱ्यात लाल पेनाने लिहिलंय : ड्राय वेट ५८. अंगातलं जादा पाणी काढलं की उरायला हवं ते वजन. मामांची लघवी जवळजवळ बंदच आहे, त्यामुळे सोमवारपासूनचा चहा, ताक, आमटीचं पाणी सगळं अंगातच. आता चार तासांत डायलिसिसचं मशीन २.८ लिटर ओढणार, मामा ५८वर येणार. बरेच दिवस हे असंच बिनचूक चाललंय.

मग उजव्या मनगटावरचं घड्याळ कोपराकडे का घसरतंय? सदऱ्यातून गळ्याची हाडं वर आलीत. मला तर या खोलीत सगळ्यात बेभरवशाचं यंत्र हा काटाच वाटतो.

डाव्या हाताच्या फिस्टुलात, म्हणजे धमनीला जोडलेल्या शिरेत, दोन जाड सुया जातात. मामा छताकडे बघत राहतात. डॉक्टरीणबाई येतात.

"रात्री आडवं झोपता येतं?"

"दोन उश्या लागतात."

त्या नडगीवर अंगठा दाबतात. खळगा पडतो, भरून यायला वेळ घेतो. बीपी १७०/१००.

"काका, मांस गेलंय आणि तिथं पाणी भरलंय. काट्याला दोन्ही सारखंच." ५८वर काट मारून त्या ५७.५ लिहितात. पुढे जमेल तसं आणखी खाली आणायचं.

म्हणजे आज ३.३ लिटर. पण तासाला किलोमागे १३ मिलिलिटरपेक्षा जास्त ओढलं तर हृदयावर ताण येतो, बीपी कोसळतो. चार तासांत ते बसत नाही. अर्धा तास वाढवावा लागणार.

"अहो, दीडची एस्टी जाईल की!" मामांना वजनापेक्षा एस्टीची काळजी.

मामींकडे खाण्याची चौकशी होते. डाळ, अंडी बंद आहेत. डायलिसिसच्या आधी तसंच सांगितलं होतं ना. डॉक्टरीणबाई कपाळाला हात लावतात. तेव्हा मूत्रपिंडावर भार नको म्हणून ते पथ्य होतं. आता मशीन दर खेपेला रक्तातली अमिनो आम्लंही घेऊन जातं, म्हणून दिवसाला साठेक ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत. मामी गप्प. इतके महिने जिवापाड सांभाळलेलं पथ्यच नडलंय, हे कुणी बोलून दाखवत नाही.

चौथा तास. मामांच्या पिंढरीत गोळा येतो, ते पलंगाची कड आवळून धरतात. टेक्निशियन तळपाय मागे रेटतो, दुसऱ्या हाताने पाणी ओढायचा वेग कमी करतो.

उतरल्यावर ५७.७. पूर्ण नाही, पण चालेल म्हणतात.

"अंड्यातलं पांढरं तेवढं द्या, पिवळ्यात फॉस्फरस फार," टेक्निशियन मामींना समजावतो.

"उद्या गुरुवार आहे," मामा बूट चढवल्यासारख्या फुगलेल्या पायात चप्पल सरकवत म्हणतात. "माझा उपास असतो."

"मग पनीर खा काका. उपास बिपास सोडा आता."

मामी पिशवीतून एस्टीचं वेळापत्रक काढतात. पुढची गाडी तीनची.