आरेत नवा ट्रॅक नको, आहे तो रस्ता मोकळा करा

गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याच्या बोगद्यांमुळे फिल्म सिटीच्या आसपासची झाडे पुन्हा मथळ्यांत आली आहेत. रस्ता १२.२ किलोमीटरचा, त्यातले ४.७ किलोमीटरचे जोडबोगदे थेट बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातून जाणार. त्याआधी, ऑक्टोबर २०२५ मध्ये, ज्या मेट्रो-३ च्या कारशेडसाठी आरेतली झाडे २०१९ मध्ये रातोरात तोडली गेली ती मेट्रो कफ परेडपर्यंत पोहोचली. झाडे किती गेली आणि किती लावली जाणार, यावर वाद झडत आहेत आणि ते झडलेच पाहिजेत. पण या गदारोळात एक साधा प्रश्न कोणी विचारत नाही. पश्चिम आणि पूर्व उपनगरे जोडण्यासाठी जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता आहे, पश्चिम द्रुतगती महामार्गावर मेट्रो-७ धावते, जोडरस्त्यावर मेट्रो-६ उभी राहते आहे आणि आता बोगदेही होणार आहेत. मग आरेच्या मधून जाणारा दिनकरराव देसाई मार्ग आडवाटेने सुटू पाहणाऱ्या मोटारींसाठी आणखी किती काळ राखून ठेवायचा? विकासासाठी झाडांची किंमत मोजायची असेल, तर त्या विकासाने मोकळा होऊ शकणारा रस्ता तरी झाडांना, तिथल्या रहिवाशांना आणि सायकलवाल्यांना परत मिळायला हवा. निदान रविवारी सकाळी तरी.

मुंबईत सायकल चालवणाऱ्यांना आरेचे मोल वेगळे सांगायला नको. समुद्राकाठचे रस्ते सपाट, महामार्ग जीवघेणे. झाडांची सावली आणि पाय गरम करणारा पण दम न काढणारा चढउतार एकत्र मिळतो तो आरे, येऊर आणि बोरिवलीच्या उद्यानात. उद्यानाच्या फाटकापासून कान्हेरीपर्यंतचा सहा-सात किलोमीटरचा रस्ता उत्तम आहे, पण तिथे वेळापत्रक उद्यानाचे. येऊरचा चढ ठाणेकरांचा लाडका, पण तो चढून पुन्हा त्याच वाटेने खाली यावे लागते. आरेचा रस्ता मात्र आरपार जातो. गोरेगावच्या चेकनाक्यातून शिरावे, मरोळ किंवा पवईला बाहेर पडावे, वाटल्यास तसेच पुढे मुलुंड आणि ठाणे गाठावे. दुर्दैवाने नेमका हाच गुण मोटारींनाही मोहात पाडतो. महामार्ग तुंबला की ‘आतून जाऊ’ म्हणणारे सगळे इथेच येतात, आणि झाडीतल्या वळणांवर पुढचे दिसत नसतानाही वेग कमी करत नाहीत. इथे शाळेतल्या भौतिकशास्त्राची आठवण ठेवावी. वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते. ताशी ३० किलोमीटरला जी धडक हाडावर निभावते, तीच ६० ला जीव घेते. जिथे पादचारी, सायकली आणि मोटारी एकत्र येतात तिथे ३० ची मर्यादा हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते ते याच हिशेबाने.

सायकलस्वारांसाठी काहीतरी करा म्हटले की आपल्याकडे पहिली गोष्ट होते ती निविदा. याचा सर्वांत बोलका दाखला आरेला लागूनच आहे. पवई तलावाच्या काठाने महापालिकेने सायकल आणि जॉगिंग ट्रॅक बांधायला घेतला. ज्या तलावात मगरी आहेत त्याच्याच पाण्यात दगडांचा भराव पडू लागला. अखेर मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हे काम बेकायदा ठरवले आणि भराव काढून जागा पूर्ववत करायला सांगितले. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ट्रॅकची गत उलट झाली. तो बांधला गेला, त्यावर गाड्या उभ्या राहू लागल्या आणि २०२५ मध्ये एमएमआरडीएने तो काढून ती जागा मोटारींच्या रस्त्याला जोडायचे ठरवले. तानसा जलवाहिनीच्या कडेने मुलुंड ते धारावी असा ३९ किलोमीटरचा मार्ग ‘हरितवारी जलतीरी’ या सुंदर नावाने आखला गेला, पण तो सलग काही झाला नाही. तिन्ही ठिकाणी समजूत एकच होती, की सायकलला वेगळे बांधकाम लागते. खरे तर सायकलला लागतो तो वेगवान वाहनांपासून मोकळा असलेला कुठलाही बरा रस्ता, आणि आरेत तो तयार आहे. म्हणून ‘आरेत सायकल ट्रॅक’ अशी घोषणा उद्या कोणी केलीच, तर सायकलप्रेमींनीच तिला आधी विरोध करावा. ट्रॅकच्या निमित्ताने पुन्हा झाडे मोजली जातील, पुन्हा कुंपणे पडतील.

आता बिबट्या. आरेबद्दलची कुठलीही चर्चा त्याच्याशी येऊन थांबते आणि ते योग्यच आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये, ऐन दिवाळीत, इथे बिबट्याच्या हल्ल्यात एका चिमुरडीचा जीव गेला. त्याआधीच्या वर्षीही हल्ले झाले होते. अशा ठिकाणी पहाटे सायकली न्यायच्या का? याचे उत्तर शोधताना बिबट्यांच्या अभ्यासक डॉ. विद्या अत्रेय यांचे काम बाजूला ठेवताच येत नाही. जुन्नर परिसरात पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडल्यावर माणसांवरचे हल्ले घटण्याऐवजी वाढले, हे त्यांच्या अभ्यासातून पुढे आले. मग अकोले तालुक्यात, उसाच्या शेतांमध्ये आणि दाट वस्तीत, कॅमेरा लावून त्यांनी पाहिले तेव्हा दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच बिबटे आढळले, तेही माणसांवर फारसे हल्ले न करता. त्यांचे मुख्य खाद्य होते कुत्री आणि इतर पाळीव जनावरे. बिबट्या माणूस शोधत नाही, माणसाची वेळ टाळतो, आणि गडबड होते ती आपण त्याची घडी विस्कटल्यावर, हे त्यांच्या कामाचे सार आरेला जसेच्या तसे लागू पडते. राष्ट्रीय उद्यान आणि आरे परिसरात २०१८ च्या गणनेत ४७ बिबटे नोंदले गेले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज होता की इथले बिबटे वर्षाला सुमारे १,५०० भटकी कुत्री फस्त करतात. सायकलस्वाराच्या पोटरीमागे धावणारे कुत्रे हा रोजचा धोका, तर बिबट्या क्वचितचा, हेही यात दिसते.

यातून सायकलस्वारांसाठी जो नियम निघतो तो कडक आहे आणि तो मान्य करायलाच हवा. सूर्योदयाआधी आरेत शिरायचे नाही आणि तिन्हीसांजेला थांबायचे नाही. पहाटे पाचला टोळीने निघणे ही मुंबईच्या सायकलस्वारांची सवय आहे, पण ती उन्हापेक्षा रहदारीच्या भीतीने लागली आहे. सकाळी उजाडल्यापासून दहापर्यंत रस्ता मोटारींसाठी बंद असेल, तर अंधारात निघायचे कारणच उरत नाही. रात्रीचा रस्ता बिबट्याचा. त्यालाही खरी भीती भरधाव गाडीची आहे, सायकलची नव्हे. कर्नाटकात बंदीपूरमधून जाणारा राष्ट्रीय महामार्ग २००९ पासून रात्री नऊ ते सकाळी सहा बंद असतो. रुग्णवाहिका आणि मोजक्या बसेस सोडल्या जातात. केरळहून विरोध झाला, खटले झाले, तरी बंदी टिकली. दोन राज्यांना जोडणारा महामार्ग प्राण्यांसाठी रोज नऊ तास थांबू शकतो, तर गोरेगाव आणि पवईला जोडणारी आडवाट आठवड्यातले चार तास नक्कीच थांबू शकते.

आक्षेपांमध्ये सर्वांत वजनदार आक्षेप आरेतल्या माणसांचा आहे. इथे २७ पाडे आहेत. १९४९ साली दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने दुग्धवसाहत उभी राहिली त्याच्याही आधीपासून वारली आणि इतर आदिवासी इथे राहतात. तबेल्यांतून दूध निघते तेही भल्या सकाळी. शहरी छंदासाठी त्यांची वाट अडवली तर तो सरळ अन्याय होईल. म्हणून बंदी फक्त आरपार जाणाऱ्या खासगी मोटारींवर आणि दुचाकींवर असावी. रहिवासी, दुधाचे टेम्पो, बेस्टची बस, रुग्णवाहिका यांना मुभा हवी, आणि पाड्यांतल्या लोकांशी बोलल्याशिवाय वेळ ठरवू नये. रस्त्याने चालत जाणाऱ्या पाड्यातल्या मुलांना भरधाव गाड्यांचा धोका सायकलस्वारांपेक्षा जास्त आहे, त्यामुळे यात त्यांचाही लाभ आहे. दुसरा आक्षेप असा की मोटारी जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर जाऊन तो तुंबेल. रविवारी सकाळी? शिवाय रस्ता कमी केला की सगळी वाहने शेजारच्या रस्त्यावर जातात, हे गृहीतकच तपासून पाहिले गेले आहे. ब्रिटनमधल्या संशोधकांनी जगभरातली सुमारे ७० उदाहरणे अभ्यासली, तेव्हा मध्यक काढला तर ११ टक्के वाहतूक कुठेच न जाता चक्क नाहीशी झालेली दिसली. लोकांनी वेळ बदलली, फेरी टाळली, दुसरे वाहन धरले.

लंडनच्या उपनगरातले रिचमंड पार्क आरेपेक्षा थोडे लहान आहे. त्यात मोकळी हिंडणारी हरणे आहेत आणि ते शहरातल्या सायकलस्वारांचे आवडते ठिकाण आहे. तिथे ऑगस्ट २०२० मध्ये आरपार जाणाऱ्या मोटारींवर प्रायोगिक निर्बंध आले आणि पुढे ते कायम झाले. उद्यानात मोटारीने यायला मज्जाव नाही, पण त्याचा आडरस्ता म्हणून वापर करायला आहे. आरेला हवा तो फरक नेमका हाच. हे गिअरच्या महागड्या सायकलींचे लाड आहेत असेही म्हटले जाईल. मुंबईत सायकलवर पाव, इडली आणि दूध पोहोचवणाऱ्यांची आणि रात्रपाळी संपवून घरी जाणाऱ्या रखवालदारांची सायकल कोणी मोजत नाही म्हणून असे वाटते. हेल्मेटवाल्याला जो रस्ता सुरक्षित, तो त्यांनाही सुरक्षित. अर्थात गटागटाने येणाऱ्यांनी स्पीकर घरी ठेवावा, रस्त्याची पूर्ण रुंदी व्यापू नये आणि एनर्जी जेलची पाकिटे झाडीत फेकू नयेत. एवढे पाळता येत नसेल तर हक्काची भाषा शोभणार नाही.

राहिला प्रश्न हे करायचे कोणी. आरेची जमीन दुग्धविकास खात्याची, सुमारे ८०० एकर राखीव वन, आणि वाहतूक पोलिसांच्या हाती. ही वाटणी आजवर टोलवाटोलवीला सोयीची ठरली आहे. पण मार्च २०२२ मध्ये तेव्हाचे पोलीस आयुक्त संजय पांडे यांनी मुंबईतले काही रस्ते रविवारी सकाळी मोटारींसाठी बंद केले, तेव्हा त्यासाठी कुठला प्रकल्प अहवाल लागला नव्हता. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे सार्वजनिक सुरक्षिततेसाठी ठरावीक रस्त्यावर वाहनांना मनाई करता येते, आणि ती मनाई महिनाभरापुरती असेल तर राजपत्रात अधिसूचनाही लागत नाही, स्थानिक पातळीवर प्रसिद्धी दिली की पुरते. महिनाभरात किमान चार रविवार येतात. तेवढ्यात चेकनाक्यावर, मरोळला आणि पवईला वाहने मोजून घ्यावीत, पाड्यांत आणि तबेल्यांत जाऊन विचारावे, आणि ते आकडे जाहीर करून मगच पुढचा निर्णय घ्यावा.