कामांचा फलक
बीड जिल्ह्यात आश्विनात कापसाची वेचणी व रब्बी ज्वारीची पेरणी एकदमच अंगावर येतात. जमिनीतील ओल उडाली, तर पेरणी हुकते. म्हणून कोणते काम आधी करावयाचे, हे शेतकऱ्यास डोळ्यांपुढे दिसावे लागते.

जपानमधील टोयोटा कारखान्यात ताइची ओनो यांनी, कोणता सुटा भाग केव्हा हवा हे चिठ्ठ्यांनी कळविणारी ‘कानबान’ पद्धत रूढ केली. २०११ मध्ये निघालेल्या ‘ट्रेलो’सारख्या अ‍ॅपमध्ये तीच कल्पना आढळते. ‘करावयाचे’, ‘चालू’ आणि ‘झालेले’ असे तीन रकाने आखावे, व कामाची चिठ्ठी पुढे सरकवीत जावी.

असे साधन निवडताना रंगांना भुलू नये. इंटरनेटवाचून ते चालते काय, आणि ‘चालू’ रकाना फुगला की ते चटकन ध्यानी येते काय, एवढे पारखावे. दहा कामांना एकदम हात घालणाऱ्याचे एकही तडीस जात नाही.