मोटारीचा मागील आंस व दांत्यांचा हिशेब

जळगांवांतील मेहरूण हें तेथील तलावासाठीं व बोरांसाठीं खानदेशांत सर्वांच्या परिचयाचें आहे. तेथून निघणाऱ्या दोन वाटांचा स्वभाव मात्र अगदीं भिन्न आहे. एक पश्चिमेस धुळ्याकडे बहुतेक सपाट भूमीवरून जाते. दुसरी दक्षिणेस पहूर व फर्दापूर ओलांडून अजिंठ्याचा घाट चढते. ज्या गृहस्थापाशीं जोमदार गाडी आहे आणि जो तीच रोज कामावर नेतो, त्याच्यापुढें या दोन वाटा एक प्रश्न उभा करतात: मागील आंसांतील दांत्यांचें प्रमाण कोणतें असावें? गाडी जागची लवकर उचलत नाहीं अशी तक्रार केली, कीं ‘क्राऊन-पिनियन बदला’ असा सल्ला तत्काळ मिळतो. सल्ला देण्यास सोपा, परंतु अंमलांत आणण्यास खर्चाचा. आणि तो चुकला तर त्याचा दंड रोजच्या प्रवासांत भरावा लागतो.

हा दंड कसा पडतो हें समजण्यास घरची सायकल पुरेशी आहे. पुढील चक्रास ४८ व मागील चक्रास १६ दांते असले, तर पायंड्याच्या एका फेऱ्यांत चाकाचे तीन फेरे होतात. मागें २४ दांत्यांचें चक्र बसविलें तर दोनच होतात. चढ सोपा जातो, पण सपाटीवर पाय भराभर फिरवूनहि वाट सरत नाहीं. मोटारींतहि न्याय हाच. एंजिनाकडून मागें येणाऱ्या दांड्याच्या टोकाशीं पिनियन हें लहान दांतेरी चाक असतें. तें क्राऊन या मोठ्या चाकास फिरवितें. क्राऊनच्या दांत्यांस पिनियनच्या दांत्यांनीं भागलें असतां जो आंकडा येतो, तेंच आंसाचें प्रमाण. आंकडा मोठा तर ओढ अधिक. लहान तर एंजिनास विसांवा अधिक. दोन्ही लाभ एकाच जोडींत पुरतेपणीं मिळत नाहींत.

याचें उत्तम उदाहरण म्हणजे जीप. दुसऱ्या महायुद्धांतील विलीज कंपनीच्या लष्करी जीपच्या आंसांत पिनियनला ८ व क्राऊनला ३९ दांते होते, प्रमाण ४.८८. त्याच कंपनीनें १९४५ सालीं मुख्यतः शेतकऱ्यांसाठीं सीजे-२ए ही नागरी जीप काढली. तींत क्राऊनचे दांते ४३ केले व प्रमाण ५.३८ झालें, कारण नांगर ओढावयाचा तर वेगापेक्षां ओढ महत्त्वाची. एंजिन ६० अश्वशक्तीचेंच राहिलें, परंतु या चार दांत्यांनीं चाकावरील ओढ सुमारें दहा टक्क्यांनीं वाढली. आतां दुसरी बाजू पाहावी. टायरचा व्यास २८ इंच धरला, तर टॉप गिअरमध्यें ताशीं ८० किलोमीटर वेगास पहिल्या जीपचें एंजिन मिनिटास सुमारें २,९०० फेरे घेतें, व दुसरीचें ३,२००. हे तीनशें फेरे फुकटचे नव्हेत. त्यांची किंमत इंधन, आवाज व झीज या रूपानें द्यावी लागते.

आधुनिक वेगवान गाडीसहि हाच हिशेब लागू पडतो. चाकाचा घेर दोन मीटर व वरच्या गिअरचें प्रमाण ०.८ धरूं. ताशीं १०० किलोमीटर वेगास ३.७३ च्या आंसावर एंजिनाचे सुमारें २,४९० फेरे होतात, व ४.१० च्या आंसावर २,७३०. सिग्नलपासून सुटतांना दुसरी गाडी खचित चपळ वाटेल. पण धुळ्यापर्यंतच्या रस्त्यावर, वैशाखाच्या उन्हांत, तिचें एंजिन सारा वेळ अधिक राबत राहील.

मग घाटाचें काय? येथेंच बहुतेकांची चूक होते. घाट चढण्यासाठीं गिअरबॉक्स आहे. दुसरा किंवा तिसरा गिअर घातला कीं ओढ जितकी वाढते, तितकी आंसाच्या अशा बदलानें वाढत नाहीं. उतरतांनाहि खालच्या गिअरमध्यें गाडी एंजिनाच्या अडकावानें आवरली जाते व ब्रेक तापत नाहींत. गिअर हवा तेव्हां घालतां येतो व नको तेव्हां काढतां येतो. आंसाचें प्रमाण मात्र प्रत्येक मैलास सोबत असतें. महिन्यांतून एकदां चढावयाच्या घाटासाठीं रोजची वाट जड करणें हें शहाणपणाचें नव्हे.

प्रमाण बदलणें खरोखर आवश्यक होतें तें मोठे टायर घातल्यावर. २८ इंचांच्या जागीं ३१ इंचांचे टायर आले, कीं ४.८८ चा आंस जणूं ४.४१ चा होतो व गाडी मंदावते. तेथें ५.३८ ची जोडी घातली, तर परिणाम पुन्हां ४.८६ वर येतो. म्हणजे गेलेली ओढ परत मिळते. पुष्कळदां मालक एंजिनास दोष देतो, आणि खरा दोष त्यानें हौसेनें बसविलेल्या टायरांचा असतो.

बदल करावयाचाच तर कांहीं पथ्यें पाळावींत. क्राऊन व पिनियन हीं जोडीनेंच बदलावींत. जुन्या चाकाशीं नवें चाक जुळत नाहीं. चारी चाकांनीं चालणाऱ्या गाडींत पुढील व मागील आंसांचें प्रमाण परस्परांशीं जुळलें पाहिजे. एकच बदलल्यास कोरड्या रस्त्यावर दोन्ही आंस एकमेकांविरुद्ध ओढूं लागतात व यंत्रणा मोडते. वेगदर्शक कांटाहि नव्यानें जुळवून घ्यावा. वरील टायरांच्या उदाहरणांत कांटा ६० दाखवील, तेव्हां गाडी ६६ नें धांवत असेल. आणि वर्दळीच्या हमरस्त्यावर ही चूक जिवावर बेतूं शकते.

म्हणून खर्चापूर्वीं मालकानें एक महिनाभर वहीं ठेवावी: सपाटीवर किती मैल झाले, घाटांत किती, आणि वरच्या गिअरमध्यें नेहमींच्या वेगास एंजिनाचे फेरे किती होते. टायर मूळ मापाचे असून बहुतेक मैल सपाटीचे निघाले, तर मूळची जोडीच ठेवावी व घाटांत वेळेवर गिअर बदलावा. वहीचें उत्तर निराळें आलें, तरच गॅरेजची वाट धरावी.